तिसऱ्या दिवशी ताप उतरला

माझ्या सासऱ्यांनी, रंगनाथअप्पांनी, सटाण्याला सव्वीस वर्षं कृषी सेवा केंद्र चालवलं. कांद्यावरचे थ्रिप्स, करपा, द्राक्षावरची भुरी, डाळिंबावरचा तेल्या, ज्याला जे लागेल ते औषध त्यांनी बाटलीतून, पुडीतून, कॅनमधून अख्ख्या बागलाणाला विकलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कुणीतरी विकणारच. पण दुकान पुतण्याच्या हवाली करून ते नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि सहा महिन्यांत त्यांना कळून चुकलं की माणसाने रसायनाचा एक थेंबही पोटात जाऊ देऊ नये.

कसं कळलं, तर मोबाईलवर.

मग 'निरामय बागलाण परिवार' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. सदस्य दोनशे त्रेचाळीस, अ‍ॅडमिन अप्पा. दुकानात आलेल्या शेतकऱ्याला सांगायचे त्याच ठसक्यात ते आता लोकांना प्रमाण सांगायला लागले. एवढे चमचे, एवढं पाणी, एवढं आटवायचं. आमच्या गॅसची मागची शेगडी कायमची काढ्याची झाली. त्या पातेल्याचा रंग मला शेवटचा कधी दिसला होता तेही आठवत नाही.

अप्पांची सगळी कीर्ती सर्दीवर उभी होती. सर्दी आठवड्यात जाते. काढा घेतला तर सात दिवसांत. गेल्या श्रावणात माझ्या गोदाला, म्हणजे तीन वर्षांच्या मुलीला, सर्दी-खोकला झाला तेव्हा मी घाबरून डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्या म्हणाल्या, "व्हायरल आहे. अँटिबायोटिकची गरज नाही, आणि मागू पण नका. पाणी द्या, वाट बघा." मी मूर्खासारखं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"ऐकलं का," अप्पा सासूबाईंना म्हणाले, "डॉक्टरीण पण आपल्याच लाइनीवर आली."

त्या दिवसापासून माझ्या बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीची घरातली किंमत संपली. उलट ती अप्पांच्या खात्यात जमा झाली. ग्रुपवर लिहायचे, 'माझी सून सूक्ष्मजीवशास्त्रातील पदवीधर असून तीसुद्धा.' पुढे काय 'तीसुद्धा' ते लिहायचे नाहीत.

आणि गंमत म्हणजे, मी कॉलेजात तीन वर्षं बशांमध्ये जंतू वाढवून जे शिकले, ते अप्पांना माझ्या आधी ठाऊक होतं. लग्नानंतर नवीन नवीन सटाण्याला गेले होते तेव्हा दुकानात ऐकलेलं. एक शेतकरी अर्धी मात्रा मारून आला होता आणि औषध लागू पडलं नाही म्हणून भांडत होता. अप्पा त्याला म्हणाले, "अर्धा डोस मारला तर कीड मरत नाय, शहाणी होते. पुढच्या खेपेला दुप्पट मारशील तरी हसंल तुला." मला तेव्हा या माणसाबद्दल आदर वाटला होता. किती लवकर वाटतो आदर.

*

फेब्रुवारीत गोदाला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. माझी एक सवय आहे, घरात तिची चेष्टा होते: मी सगळं मोबाईलमध्ये टिपून ठेवते. किती वाजता किती ताप, काय खाल्लं, किती वेळा शू. म्हणून माझ्या लक्षात आलं की ती बाथरूमला जायचं टाळतेय. पाय आवळून उभी राहायची. वर्षभरापूर्वी सुटलेलं गादी ओली करणं परत सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शू करताना रडली आणि म्हणाली, "मम्मा, तिखट लागतंय."

मी अप्पांना सांगितलं, लघवीचं इन्फेक्शन वाटतंय, तपासून आणते.

"उष्णता आहे," अप्पा म्हणाले. "उष्णतेला पळस. कळवणवरून कालच ताजी फुलं आली बघ. देव योजना करतो ती अशी."

देवाची योजना प्लॅस्टिकच्या पिशवीत, बाल्कनीत पडली होती. पळसाची फुलं उकळून त्यांचा ओटीपोटावर शेक, गोखरूचा काढा दोन वेळा आणि धने-जिऱ्याचं पाणी दिवसभर. गोदाचं पोट केशरी झालं. ती त्यावर खुश होती.

नवऱ्याला, सोमनाथला, मी बेडरूममध्ये गाठलं. सोमनाथ अंबडला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. तिथे म्हणे एका स्क्रूत केसाएवढा फरक असेल तर तो अख्खी बॅच परत पाठवतो. घरी आला की त्याला काहीच दिसत नाही.

"तू घेऊन जा ना डॉक्टरकडे," तो म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय."

"आणि अप्पांना?"

"सांगायचं कशाला? औषध दे, काढा पण दे. पोरगी बरी होईल, अप्पा पण खुश. कशाला घरात तमाशा."

याला तो समजूतदारपणा म्हणतो. त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या हेच चालत आलंय. मोठ्या माणसाला चूक म्हणायचं नाही. त्याच्या पाठीमागे बरोबर ते करायचं आणि श्रेय त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं. मी या सगळ्याची मनातल्या मनात टर उडवली आणि मग तेच केलं.

भाजी आणायला जाते म्हणून गोदाला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातच लघवी तपासली, पट्टीचा रंग मला दाखवला. जंतू वाढवून बघायला नमुना कल्चरला पाठवला आणि सात दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं.

"काढा चालू आहे घरी," मी म्हटलं.

"धने-जिऱ्याचं पाणी द्या की हवं तेवढं, पाणी पोटात जाईल," त्या म्हणाल्या. "बाकी राहू द्या. पण याला उशीर नको हं. सर्दी वेगळी, हे वेगळं. हे वर किडनीपर्यंत चढतं. आणि सात म्हणजे सात दिवस. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही."

पावडरच्या बाटलीत खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं, रोज सकाळ-संध्याकाळ द्यायचं. ठेवायची कुठे? माझ्या कपाटात सॅनिटरी पॅडचा एक कप्पा आहे. त्याला या घरात कुणी हात लावत नाही. बाटली तिथे राहिली. औषधाचा रंग गुलाबी, वास स्ट्रॉबेरीचा. गोदाला मी शिकवलं, "हे आपलं गुपित. आजोबांना सांगायचं नाही." तीन वर्षांच्या मुलीला मी पहिली जी शिस्त लावली ती ही.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती जेवताना अप्पांसमोरच म्हणाली, "मम्मा, गुलाबी दे."

माझा घास तोंडात राहिला. सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "गुलकंद मागतेय. सकाळी दिला होता मी." आणि उठून खरंच गुलकंद घेऊन आल्या. मला वाटलं, वाचले.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला होता. माझ्या टिपणात आहे: दुपारी चार, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. त्याच्या बरोबर वर आहे: औषधाचा दुसरा डोस, सकाळी आठ.

*

अप्पांनी व्हिडिओ काढला. हॉलमध्ये, सप्तशृंगीच्या फोटोखाली. गोदाच्या हातात धन्याच्या पाण्याचा पेला. एका बाजूला स्टुलावर पळसाची फुलं मांडलेली, लग्नात रुखवत मांडतात तशी.

"सूनबाई, ये. दोन शब्द बोल."

"मी कशाला, अप्पा?"

"अगं, खोटं थोडंच बोलायचंय? तुझं शिक्षण काय ते सांग."

"बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी."

"गोदाला काय झालं होतं?"

"युरीन इन्फेक्शन."

"आता कशी आहे?"

"बरी आहे. ताप तिसऱ्या दिवशी उतरला."

"झालं," अप्पा म्हणाले आणि फोन स्वतःकडे वळवला. "ऐकलंत? एकही अँटिबायोटिक नाही. पळस, गोखरू, धने-जिरे. प्रमाण खाली लिहितो."

मी कॅमेऱ्याबाहेर उभी होते. माझं प्रत्येक वाक्य खरं होतं. त्यांचं अँटिबायोटिकचं वाक्य खोटं होतं, पण ते त्यांना माहीत नव्हतं. माहीत मला होतं. मी आत जाऊन पोहे भिजवले.

व्हिडिओ त्या ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून तिसऱ्यावर गेला. माझ्या मावशीला तो देवळ्याहून आला. "किती बारीक झालीस गं," मावशीने लिहिलं. बास.

*

माझी नणंद तेजल नामपूरला दिलेली. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून तेजलताई. नवरा समाधानराव, कांद्याचे व्यापारी. मुलगा साई, दहा महिन्यांचा. तेजलबद्दल माझं मत फार चांगलं नव्हतं, खरं सांगायचं तर. डी.एड. झालेली बाई, पण बाळाचं बारसं कसं सजवावं इथपासून त्याला पहिला घास कोणत्या रंगाच्या वाटीतून द्यावा इथपर्यंत सगळं मोबाईलवर बघून करायची. मी टिपणं काढते आणि ती रील बघते, म्हणून मी शहाणी, असं माझं चाललेलं असायचं.

व्हिडिओनंतर तीन आठवड्यांनी, मंगळवारी, तिचा मला फोन आला. मी हॉलमध्ये वाटाणे सोलत होते, अप्पा समोर पेपर वाचत होते.

"वहिनी, साईला ताप आहे कालपासून. सर्दी नाही काही नाही. शू करताना किंचाळतो. अप्पांनी सांगितलं तसं पळसाचं केलंय. सुकी फुलं होती सासूबाईंकडे." मग म्हणाली, "गोदाचा ताप नक्की तिसऱ्या दिवशीच उतरला होता ना हो?"

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी पेपर खाली केला होता.

"हो, तिसऱ्या," मी म्हटलं. "पण तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या हं."

दाखवून घ्या हं. भांडी घासणाऱ्या बाईला 'जमलं तर उद्या लवकर ये' म्हणावं, त्या सुरात. पलीकडून तिच्या सासूबाईंचा, भागीबाईंचा, आवाज आला, "पोऱ्याले दात यी ऱ्हायनात, दुसरं काही नही."

"बरं वहिनी," तेजल म्हणाली. "तीन दिवस बघते. तुमचा आधार वाटतो. तुम्ही शिकलेल्या."

फोन ठेवल्यावर अप्पा म्हणाले, "दात आणि उष्णता, दोन्ही एकदम आलं की असं होतं." आणि पेपर वर घेतला. मी उरलेले वाटाणे सोलले. त्या दिवशीच्या माझ्या टिपणात गोदाने दोन पोळ्या खाल्ल्याची नोंद आहे. साईबद्दल काही नाही.

बुधवारी मी सोमनाथला म्हटलं, तेजलला खरं सांगायला हवं. तो म्हणाला, "सांग की. पण अप्पांना न कळू देता सांग." गुरुवारी मी तिला मेसेज लिहिला, तीनदा खोडला, शेवटी पाठवला: 'साई कसा आहे?' उत्तर आलं: 'थोडा बरा वाटतोय. शांत झोपलाय.' पुढे हात जोडलेले.

शांत झोपलाय. तापातलं दहा महिन्यांचं बाळ शांत झोपतं तेव्हा आनंद मानायचा नसतो, हे मला समजत होतं. मी लिहिलं, 'पाणी देत राहा.'

*

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला अप्पांच्या फोनवर तेजलचा फोन आला. अप्पा फोन नेहमी स्पीकरवर घेतात, गल्लीतल्या लोकांचाही फायदा व्हावा म्हणून.

"अप्पा, साई दूध ओढत नाही. दोनदा उलटी झाली. सकाळपासून लंगोट कोरडाच आहे. डोळे उघडतो आणि परत मिटतो."

"घाबरू नको. शरीर झगडतंय," अप्पा म्हणाले. "गोखरूचं प्रमाण वाढव. दुप्पट कर."

मी स्वयंपाकघरातून आले. हात पिठाचे होते. मी अप्पांच्या हातातून फोन घेतला. आठ वर्षांत मी या माणसाच्या हातातून पाण्याचा पेलासुद्धा असा घेतला नव्हता.

"तेजलताई, सायली बोलतेय. नीट ऐका. गोदाला मी अँटिबायोटिक दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. ती त्यानेच बरी झाली. पळसाने नाही."

मग ती म्हणाली, "पण व्हिडिओत तुम्ही..."

"व्हिडिओ सोडा. समाधानराव कुठे आहेत?"

"मार्केटला. लिलाव चालू आहे."

"त्यांना म्हणावं, आहे तसे गाडी घेऊन या. सटाण्याला बाळांच्या डॉक्टरांकडे जा. पाच दिवस ताप, शू करताना रडणं, सकाळपासून शू नाही, हे तिन्ही सांगा. काढा दिला हेही सांगा, लपवू नका. आत्ता निघा, ताई."

मागून भागीबाई काहीतरी म्हणत होत्या. तेजल त्यांना काय म्हणाली ते स्पष्ट ऐकू आलं: "आई, तुमी चूप बसा." मग फोन बंद झाला. मी लगेच समाधानरावांना लावला. ते म्हणाले, वहिनी, दहा मिनिटांत माझा माल येतोय ओट्यावर, तेवढं उरकतो. मी त्यांना म्हटलं, कांदा उद्या पण येईल. त्यावर ते निघाले.

अप्पा सोफ्यावर बसून होते. फोन त्यांच्यासमोर टीपॉयवर, त्यावर माझ्या बोटांचं पीठ.

"तू मला फसवलंस," ते म्हणाले.

"हो."

"माझ्या घरात, माझ्या समोर, माझ्याच नातीच्या नावाने."

"हो, अप्पा."

"मग मंगळवारी का नाही बोललीस?" त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी तर अडाणी. तुला माहीत होतं ना?"

मला या माणसाच्या प्रत्येक वाक्यावर मनात उत्तर तयार असायचं. आठ वर्षांचा साठा होता. मी फोनवरचं पीठ पुसायला लागले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "मला पण माहीत होतं."

अप्पांनी मान वळवली.

"कपड्यांच्या घड्या ठेवताना दिसली बाटली. एकदा झाकण तिरपं लागलं होतं, चिकट झालं होतं सगळं. मी पुसून नीट लावलं."

"सोमनाथला?"

"त्याला कधी काही माहीत नसतं का?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. गोदाला धरून."

गोदा तेव्हा त्याच टीपॉयखाली बसून पळसाच्या वाळलेल्या फुलांना टोपणात जेवण वाढत होती.

*

सटाण्याच्या डॉक्टरांनी सलाइन लावून पुढे नाशिकला पाठवलं. संध्याकाळी सातला ते इथल्या हॉस्पिटलला पोहोचले. आम्ही आधीच जाऊन उभे होतो, सगळं खानदान. सोमनाथ सगळ्यांसाठी चहा आणत होता. या घरात पुरुष संकटात चहा आणतात.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "पाच दिवस काय केलं?"

अप्पा पुढे झाले. "घरगुती," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं."

डॉक्टरांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि लिहिलं. त्यांना हे नवीन नव्हतं. चिडलेसुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं. संसर्ग किडनीपर्यंत गेलाय म्हणाले, रक्तात उतरलाय का ते कल्चरमध्ये कळेल. औषध शिरेतून द्यावं लागेल. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे.

साईच्या हाताला पट्टी बांधलेली, त्यात सुई. हात केवढा, तर माझ्या अंगठ्याएवढा. तेजल बाकावर बसली होती. तिच्या बोटांना पळसाचा रंग होता. मी शेजारी बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी मोजत होते वहिनी. मंगळवार दुसरा. बुधवार तिसरा. बुधवारी उतरला नाही तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. फुलं जुनी आहेत, किंवा मी नीट उकळत नाहीये. मी सासूबाईंना परत पहिल्यापासून मोजायला लावलं."

माफ करा म्हणाले असते तर ती लगेच 'असू द्या' म्हणाली असती. आमच्यात तसंच म्हणतात. म्हणून मी म्हटलं नाही. तिने तरी मला असं सहज सोडू नये असं वाटत होतं.

शनिवार तसाच गेला. रविवारी दुपारी लंगोट नीट ओला झाला. शू किती झाली ते कळायला नर्सने तो वजन करायला नेला तेव्हा तेजल तिच्या मागे मागे वजनकाट्यापर्यंत गेली. सोमवारी साईने माझ्या चष्म्याला हात घातला. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण सोनोग्राफी करू, आणि किडनीवर डाग राहिलाय का ते काही महिन्यांनी परत बघावं लागेल. म्हणजे सुटलो असं नाही. कळायला वेळ लागेल, एवढंच.

मंगळवारी मी डबा घेऊन वॉर्डात गेले तर अप्पा नर्सला पकडून उभे होते.

"सिस्टर, घरी सोडल्यावर तोंडाने औषध किती दिवस?"

"डॉक्टर सांगतील ना, काका."

"पूर्ण कोर्स लिहून द्या म्हणावं. मध्ये सोडायचं नाय. अर्धा डोस दिला की जंतू मरत नाय, शहाणा होतो. मी सव्वीस वर्षं हेच सांगत आलोय लोकांना."

नर्स म्हणाली, "बरोबर आहे, काका." अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच इतके दिवस विरोधात होते. मी डबा ठेवला. कोडगेपणाला काही मर्यादा असते असं मला लग्नाआधी वाटायचं.

*

त्या दुपारी घरी आल्यावर मी म्हटलं, "अप्पा, तो व्हिडिओ काढून टाका. आणि ग्रुपवर लिहा."

"काढून टाकला कालच."

"तो पुढे गेलाय किती ठिकाणी. लिहा काय झालं ते."

त्यांनी चष्मा लावला. पंधरा मिनिटं टाइप केलं. मग फोन माझ्यासमोर धरला: 'पळस-गोखरू उपचारासोबत आवश्यकतेनुसार तज्ज्ञांचा सल्ला घेणे हितावह. आपला, रंगनाथ.'

"हे काय आहे?"

"दुरुस्ती."

"साईचं कुठे आहे यात?"

"पोरीच्या सासरचे आहेत गं ग्रुपवर," ते म्हणाले. पहिल्यांदाच ते मला म्हातारे वाटले. "दोनशे त्रेचाळीस लोक आहेत. काय म्हणतील?"

दोनशे त्रेचाळीसांच्या भीतीने हा माणूस गप्प बसतोय, म्हणून मला त्याची कीव आली. मग आठवलं की मी एकट्या त्याच्या भीतीने तीन आठवडे गप्प बसले होते.

मी तेजलला फोन केला आणि विचारलं, लिहू का. ती म्हणाली, "लिहा. नाव घालून लिहा. साईचं पण घाला." वॉर्डात शेजारी बसलेल्या भागीबाईंनी काहीतरी विचारलं आणि तेजल त्यांना म्हणाली, "हो, दातांचं पण लिहितील."

मग मी लिहिलं. त्या बाटलीचा फोटो टाकला, तळाला अजून गुलाबी चिकटलेली. गोदाच्या तापाचं आणि डोसांचं टिपण जसंच्या तसं टाकलं, चौदाच्या चौदा वेळा. खाली साईचं लिहिलं, सोमवार ते शुक्रवार. शेवटी लिहिलं की व्हिडिओत उभी असलेली शिकलेली सून मीच. औषध दिल्याचं मी लपवलं होतं. सर्दीला काढा प्या, मी पण पिते. पण तापासोबत लघवीला त्रास असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पाठवून टाकलं.

अप्पा पाहत होते. त्यांनी मला ग्रुपमधून काढलं नाही. अ‍ॅडमिन होते, काढू शकले असते.

पाच मिनिटांत अकरा जणांचे हात जोडलेले आले. एकाने गुलाबाचं फूल टाकलं. 'खूप छान माहिती, ताई.' 'अशीच माहिती देत राहा.' भिकन नावाच्या कुणीतरी सुप्रभातचा गणपती टाकला, संध्याकाळी साडेपाचला. मी एकेक बघत होते आणि दर नव्या मेसेजबरोबर या जमातीबद्दलचं माझं मत पक्कं होत होतं. कुणीही वाचलेलं नव्हतं. बाटलीचा फोटो बघून त्यांना तो नवीन काढा वाटला असणार.

मग एका नंबरवरून प्रश्न आला. नाव नव्हतं, फोटोत एक बाई आणि तिच्या कडेवर मूल.

'ताई पळसाची फुलं सुकी चालतील का? आमच्याकडे ताजी नाही भेटत.'

अप्पांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं. सवयीने त्यांचं तोंड उघडलं, प्रमाण सांगायला. मग मिटलं.

चिडून लिहायला मी दोन शब्द टाइपही केले. मग ते खोडले आणि त्या नंबरवर फोन लावला. तिकडे उचलेपर्यंत पाच-सहा वेळा वाजला.

"हॅलो, मी सायली. रंगनाथअप्पांची सून. ताप कोणाला आहे?"

"मुलीला," ती म्हणाली.

"कितवा दिवस?"

तिकडे ती बोटांवर मोजायला लागली.